छंद : वाचन

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात ग्रोनिंगन इथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

आपल्या कार्यकारिणीनं या वर्षी एक नवीन गोष्ट काढली. या पुस्तिकेसाठी मंडळातल्या तरुण नोकरदारांची ओळख करून द्यायची. त्यासाठी आम्हाला एक फॉर्म आला. नाव, गाव, शिक्षण, आणि मग खाली तीन मोठे रकाने : प्रेरणा, छंद, जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन. मी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत काम करते. प्रेरणेच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं, की इथे नोकरी मिळाली म्हणून आले. दुसऱ्याच दिवशी समितीतल्या काकूंचा फोन. "अगं, हे छापायचंय! जरा बरं काहीतरी लिही की." वर, "आणि कार्यक्रमात दहा मिनिटं बोल त्यावर." म्हणून आज मी तुमच्यासमोर उभी आहे.

छंदाचा रकाना तर त्याहून अवघड. आपल्याकडे छंद विचारला की वाचन, संगीत, प्रवास ही त्रिमूर्ती ठरलेली. लग्नाच्या बायोडेटात मीही तेच लिहिलं होतं. इथे आल्यावर त्यात दोन गोष्टींची भर पडली. एक सायकल. अर्थात ग्रोनिंगनमध्ये सायकल चालवणं हा छंद आहे असं म्हणणं म्हणजे पुण्यात चहा पिणं हा छंद आहे असं म्हणण्यासारखंच. आणि वारा? तो जाताना समोरून आणि येतानाही समोरूनच असतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! दुसरी गोष्ट 'वाडलोपन', म्हणजे ओहोटीच्या वेळी समुद्राच्या तळावरून चिखल तुडवत चालणं. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढी शिकून परदेशात गेलीस आणि तिथे चिखलणी करतेस?"

तर असा तो फॉर्म समोर घेऊन बसले असताना मला आठवलं, की नेमका असाच एक फॉर्म आपल्यातल्याच एका मुलीनं फार पूर्वी भरला होता, परदेशात, वयाच्या अठराव्या वर्षी. ती आनंदीबाई जोशी. आज तिच्याबद्दल बोलायचंय. आणि तिच्याबरोबर आपल्या या ग्रोनिंगनच्या एका मुलीबद्दलही.

आनंदीबाई 1883 साली अमेरिकेत पोचल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. त्या काळी तिकडे एक खास वही निघाली होती. पाहुण्यांना छापील प्रश्न विचारायचे, आवडता रंग कोणता, आवडतं फूल कोणतं, आणि त्यांच्या हातची उत्तरं जपून ठेवायची. आनंदीबाईंनी भरलेली ती उत्तरं कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेनं 1888 साली लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात छापली आहेत. आवडता रंग पांढरा. फूल गुलाब. झाड आंब्याचं. सुगंध जाईजुईचा. निसर्गातली आवडती गोष्ट डोंगर. आवडती वेळ सूर्योदय आणि सूर्यास्त. कवींमध्ये कालिदास आहे, इंग्रज कवी पोप आहे, आणि मनूसुद्धा आहे! गद्य लेखकांत गोल्डस्मिथ, मेकॉले, ॲडिसन यांच्या पंगतीत आपले विष्णुशास्त्री चिपळूणकर. आणि कवयित्री कोण? मुक्ताबाई आणि जनाबाई. मला हे वाचून फार गंमत वाटली. न्यू जर्सीतल्या एका दिवाणखान्यात बसून, नऊवारीतली एक मुलगी इंग्रजीत जनाबाईचं नाव लिहिते आहे.

आवडती करमणूक : वाचन. म्हणजे बघा, बायोडेटात आपण जे लिहितो ते तिनं तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. फरक इतकाच, की तिला वाचायला शिकणं हेच मुळात विकत घ्यावं लागलं होतं, आणि ते स्वस्त नव्हतं.

आवडता उद्योग कोणता, या प्रश्नाला तिनं लिहिलं, सर्वांच्या भल्यासाठी जे काही लागेल ते. सगळ्यात नकोशी गोष्ट कोणती? गुलामगिरी आणि परावलंबन. हे उत्तर मात्र मी दोनदा वाचलं. कारण लिहिणाऱ्या मुलीचं लग्न नवव्या वर्षी झालेलं होतं. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. नवऱ्यानं तिला शिकवलं हे खरं, पण त्यासाठी जाचही केला. त्या जाचाबद्दल तिनं स्वतः पुढे पत्रांत लिहिलं आहे. गोपाळरावांच्या हट्टामुळे ती डॉक्टर झाली असं आपण शाळेत शिकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. हट्ट त्यांचा असेल, पण गेलेलं बाळ तिचं होतं. बाईला दाखवायला बाई डॉक्टर नाही, म्हणून बाया आणि मुलं मरतात, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

आता थोडं आपल्या या गावाकडे येऊ या. इथून आगगाडीनं जवळच सप्पेमेर आहे. तिथे 1854 साली आलेटा याकोब्स जन्मली. ग्रामीण भागातल्या डॉक्टरची मुलगी, अकरा भावंडांतली आठवी. लहानपणी वडिलांबरोबर रोगी बघायला जायची, आणि आपणही डॉक्टर व्हायचं हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलेलं. पण मुलींना पुढचं शिक्षण नव्हतं. तिला मुलींच्या एका 'सभ्य' शाळेत घातलं, तिथे रीतभात आणि नखरे शिकवायचे. पंधरा दिवसांत ती ती शाळा सोडून घरी परतली. मग घरकाम, शिवणटिपण आणि वडिलांकडे थोडं लॅटिन, ग्रीक. 1870 मध्ये औषधनिर्मात्याच्या मदतनिसाची परीक्षा पास झाली. आणि मग या सतरा वर्षांच्या पोरीनं थेट देशाचे पंतप्रधान थॉर्बेके यांना पत्र लिहिलं, की मला विद्यापीठात शिकायचंय, परवानगी द्या.

परवानगी आली. कुणाच्या नावे आली? तिच्या वडिलांच्या! पत्र मुलीनं लिहिलेलं, उत्तर बापाला. तेही काय, तर एक वर्ष बसून बघा म्हणे. म्हणून 20 एप्रिल 1871 रोजी आलेटा ग्रोनिंगनच्या विद्यापीठात दाखल झाली ती जवळजवळ प्रोबेशनवर. पक्की परवानगी 1872 च्या मे अखेर आली आणि जूनच्या चार तारखेला थॉर्बेके वारले. पाच-सहा दिवस इकडचे तिकडे झाले असते तर काय झालं असतं, याचा विचार करते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

विद्यार्थिदशेत तिला तापानं छळलं, आणि तोही मलेरियाच्या. हो, हॉलंडमध्ये मलेरिया होता. ही सगळी पाणथळ जमीन, डास भरपूर. आपल्याकडचं हिवतापाचं दुखणं इथल्या शेतकऱ्यांनाही चांगलंच माहीत होतं. तरी तिनं अभ्यास रेटला. 1878 मध्ये ती डॉक्टर झाली आणि 8 मार्च 1879 रोजी मेंदूवरच्या प्रबंधाला याच विद्यापीठानं डॉक्टरेट दिली. नेदरलँड्समध्ये डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. हार्मोनी इमारतीपाशी तिचा अर्धपुतळा आहे, आपण सगळे त्याच्या बाजूनं सायकली दामटत जातो. आपल्या मंडळातल्या विद्यार्थ्यांना मात्र तिचं नाव वेगळ्या कारणानं पाठ आहे, कारण विद्यापीठाचा परीक्षेचा भलामोठा हॉल तिच्या नावाचा आहे. "आलेटा याकोब्समध्ये उद्या पेपर आहे" असं म्हणताना चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय!

तिची पुढची गोष्ट मोठी आहे, मी थोडक्यात सांगते. ॲमस्टरडॅममध्ये दवाखाना काढला. 1882 पासून गरीब बायकांना फुकट तपासू लागली. तिथे तिच्या लक्षात आलं, की दुकानांत काम करणाऱ्या मुली दिवसाचे दहा-बारा तास उभ्या असतात, त्यांना बसायची परवानगीच नाही, आणि त्यातून त्यांना एकसारखे आजार जडतात. औषध काय द्यायचं? खुर्ची! ती खुर्ची कायद्यानं मिळेपर्यंत विसावं शतक उजाडलं. 1883 मध्ये ती म्हणाली, मी कर भरते, मतदार व्हायला जे लागतं ते सगळं माझ्याकडे आहे, तर माझं नाव यादीत घाला. सरकारनं नाव घातलं नाहीच, उलट 1887 च्या राज्यघटनेत मतदाराच्या व्याख्येत 'पुरुष' हा शब्द घालून ठेवला. डच बायकांना मताचा अधिकार 1919 मध्ये मिळाला, तेव्हा आलेटा पासष्ट वर्षांची होती.

1883 हे साल लक्षात ठेवा. आलेटा मतदार यादीसाठी भांडत होती त्याच वर्षी, 24 फेब्रुवारीला, कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई भाषणाला उभी राहिली. तिचे अठरा पूर्ण व्हायला महिना बाकी होता. विषय होता, मी अमेरिकेला का जाते. लोक तिला रस्त्यात टोमणे मारत होते, अंगावर माती फेकत होते, म्हणून तिनं जाहीर उत्तर द्यायचं ठरवलं. भाषण इंग्रजीत केलं आणि लोक जे सहा प्रश्न विचारत होते ते एकेक घेऊन उत्तरं दिली. अमेरिकेलाच का? इथे सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? संकट आलं तर? आजवर कुणी बाईनं केलं नाही ते तूच का करतेस? मंडळी, 'प्रेरणा' या रकान्याचं उत्तर कसं द्यावं ते तिथे बघावं. त्यात 'मला आवड आहे' हे वाक्य नाही. गरज काय आहे ते सांगितलं, अडचण काय आहे ते सांगितलं, आणि मी जाणार आहे हे सांगितलं.

आणि आता आजच्या कार्यक्रमाशी जुळणारी गोष्ट. त्या भाषणाच्या बातम्या छापून आल्या आणि निधी सुरू झाला. व्हाइसरॉयनी 200 रुपये दिले. प्रवासाच्या भाड्यासाठी तिनं हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. कार्पेंटरबाईंनी घर दिलं. या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत असताना एका मासिकात जोशी दांपत्याबद्दल वाचलं आणि आपणहून पत्र पाठवलं होतं. मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्ती दिली. कार्पेंटरबाईंच्या वहीत शेवटी जीवनाचं ब्रीदवाक्य विचारलं होतं, तिथे आनंदीबाईंनी देव देईल अशा अर्थाचं काहीसं लिहिलं आहे. देव देतो हे मलाही मान्य आहे. पण त्या वर्षी देवाला एकेकाचा पत्ता होता. कुणी रोझेलला राहत होतं, कुणी फिलाडेल्फियाला, कुणी सरकारी बंगल्यात.

मात्र सगळंच पुरलं नाही. फिलाडेल्फियाची थंडी तुम्हाला मी सांगायला नको, इथल्या जानेवारीत आपण सगळे 'लेयर' करून फिरतो. आनंदीबाईंनी धर्म सोडायचा नाही, शाकाहार सोडायचा नाही, पोशाख सोडायचा नाही असं ठरवलेलं. नऊवारीत पायाला थंडी वाजते म्हणून फक्त साडी गुजराती पद्धतीनं नेसायला सुरुवात केली. खोलीतली शेगडी धूर करायची. म्हणजे पेटवली तर धूर, विझवली तर गारठा. जेवण धड नाही. अशात तीन वर्षं काढून 11 मार्च 1886 ला ती एम.डी. झाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या विभागाची जागा तिची वाट बघत होती. ती परतली ती क्षयानं पोखरून. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना होता. एकही रोगी तिला त्या नव्या जागेवर बसून तपासता आला नाही.

आपण तिचा फोटो लावतो, हार घालतो, मालिका आणि सिनेमे काढतो. मला मात्र राहूनराहून त्या शेगडीचं वाटतं. जिद्द तिच्याकडे भरपूर होती. पाहिजे होती ती ऊब असलेली खोली आणि दोन वेळचं तिला चालणारं जेवण. आलेटाला मलेरिया झाला तेव्हा सप्पेमेरला घर होतं, डॉक्टर बाप होता, बहिणी होत्या. दोघींच्या धैर्यात मला काही फरक दिसत नाही. घर किती लांब होतं, त्यात फरक आहे.

म्हणूनच रखमाबाई राऊतांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आनंदीबाईंहून काही महिन्यांनीच मोठ्या, मुंबईच्या. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या, तो खटला 1884 ते 1888 गाजला. त्यांच्याही शिक्षणासाठी निधी जमला. मुंबईच्या कामा इस्पितळातल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यात पुढाकार घेतला, शिवाजीराव होळकरांनी 500 रुपये दिले. लंडनमध्ये राहायला, सांभाळायला माणसं मिळाली. 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेला, मग राजकोटला, अशी पस्तीस वर्षं बायकांच्या इस्पितळांत काम करत राहिल्या. 1955 साली, नव्वदी ओलांडून गेल्या. पस्तीस वर्षांत किती बाळंतपणं झाली असतील त्यांच्या हातून! त्या होळकरांच्या 500 रुपयांवर मिळालेलं व्याज कुठल्या बँकेत मोजता येईल?

आता मुद्द्यावर येते, कारण काका घड्याळाकडे बघताहेत. आपल्या मंडळाचा या वर्षीचा निधी मराठवाड्यात जी.एन.एम. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या राहण्याजेवण्यासाठी आहे. फी नव्हे, हे लक्षात घ्या. फीसाठी सरकारी सवलती, शिष्यवृत्त्या असतात, त्या उशिरा का होईना येतात. पण मेसचं बिल दर महिन्याला येतं. पांढरा गणवेश, पांढरे बूट, ड्यूटीच्या इस्पितळापर्यंतचं एस.टी.चं भाडं, थंडीतलं पांघरूण, यांच्यासाठी कुठला अर्ज भरायचा? मुली शिक्षण सोडतात त्या बहुतेक वेळा इथेच. नापास झाल्या म्हणून नव्हे.

समितीच्या सांगण्यावरून मी त्यातल्या एका मुलीशी फोनवर बोलले. दुसऱ्या वर्षाला आहे. वडील ऊसतोडीला जातात. म्हटलं, आमच्या पुस्तिकेत छापायचंय, तुझी प्रेरणा काय? ती म्हणाली, "ताई, गावच्या उपकेंद्रातली सिस्टर. ती एकटीच वेळेवर यायची." छंद काय? थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "झोप." नुकतीच नाइट ड्यूटी करून आली होती बिचारी. मी हसले, तीही हसली. मग म्हणाली, "आणि मोबाइलवर वाचते कधीकधी, रेंज असली तर." पुढे काय करायचंय असं विचारलं तर म्हणाली, आधी हे पुरं तर होऊ द्या. मला तिच्या या उत्तरात काही कमी वाटलं नाही. आमच्या ऑफिसात 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता' असं दर वर्षी विचारतात, आणि आम्ही सगळे काहीतरी छान ठोकून देतो.

तर दाराशी टेबल आहे, तिथे वहिनी पावतीपुस्तक घेऊन बसल्या आहेत. रोख चालेल, बँकेतून पाठवलं तरी चालेल, आणि ज्यांना इथली सवय लागली आहे त्यांना टिकी पाठवायचीही सोय केली आहे. पाच युरोची टिकी आली तर हसू नका, आपणच पाठवतो एकमेकांना दोन युरो साठ सेंटची! एका मुलीचं एका वर्षाचं जेवण कुणाला एकट्यानं उचलायचं असेल, तर तो आकडा समितीनं टेबलावर लिहून ठेवला आहे. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतलं तरी चालेल, मागच्या वर्षी तसं केलंही होतं. हिवाळ्याच्या पांघरुणांचे पैसे डिसेंबरच्या आत पोचले पाहिजेत, म्हणून ते आधी.

आतून खूण होते आहे, मसालेभात तयार आहे म्हणे. मुलांची पानं आधी वाढू या.